मागच्या सीटवरचं पोतं

शेणवा, १२ जानेवारी

ती. रखमीआत्यास,
भगीरथचा शि. सा. नमस्कार वि. वि.

गाडी काल टेम्पोतून पोचली. बाबांनी आणि मी फळी लावून उतरवली. कागदपत्रं, दोन्ही चाव्या आणि विपुलदादाचं जॅकेट मिळालं. हेल्मेट आलं नाही. ते तू ठेवून घेतलं असशील.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून बाबांचं म्हणणं लिहून कळवतो. ते म्हणाले, रखमीचं डोकं ठिकाणावर नाय, ज्या गाडीनं तिचा पोरगा नेला तीच माझ्या पोराला पाठवते. भीती मलाही वाटते. आजवर मी बाबांची शंभर सीसीची चालवली. ही साडेसहाशेची आहे, वजन दोनशे किलोच्या वर. काल नुसती स्टँडवरून काढताना माझ्या अंगावर कलली. आमची मनस्वी म्हणाली, दादा गाडी धरतोय का गाडी दादाला?

तुझ्या चिठ्ठीत एकच ओळ होती, की विपुलच्या वर्षश्राद्धाला ही गाडी चालवत माझ्या दारात आण. कारण लिहिलं नाहीस. मी नववीत शाळा सोडली तेव्हा तूही कारण विचारलं नव्हतंस, फक्त दर महिन्याला एक पत्र लिहायला लावलंस. तरी मी विचारतो. ही गाडी तू विकून का टाकत नाहीस?

उत्तर पाठव. माया आहे ती राहू दे.

तुझा भगीरथ


टोकावडे, २२ जानेवारी

चि. भगीरथ यास अनेक आशीर्वाद.

बारक्याला सांग, माझं डोकं होतं तिथंच आहे. गेलेत ते कान.

तू विचारलंस म्हणून लिहिते. दारावरून एसटी गेली तरी मला कळत नाही. कुत्रं भुंकतंय हे त्याच्या तोंडाकडे बघून कळतं. पण विपुलची गाडी कळायची. वळणाला आली की घरातली जमीन तळपायाला सांगायची. मी चहाचं आधण ठेवायची, त्याचे बूट निघेपर्यंत चहा तयार. एवढा एकच आवाज माझ्यापर्यंत यायचा. तो एकदा परत यावा, बाकी मला काही नको. गाडी विकली तर तो भलत्याच गावाला जाईल.

घाई मात्र करू नकोस. आटगावला देवराम म्हणून आहेत, पूर्वी पोलिसात मोटारसायकलवर होते. त्यांच्याकडे शीक. ते तोंडानं फटकळ आहेत, ऐकून घे. मागे माणूस बसवण्याआधी वजन बांधून शीक. भाताचं एक पोतं पाठवते, तंतोतंत पंचेचाळीस किलो, माझ्याएवढंच. ते भरडू नका, खाऊ नका. तुझ्या आईलाही हे सांग.

जेवत जा वेळेवर.

तुझी आत्या


शेणवा, ३ मार्च

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

देवरामकाकांनी पहिले पंधरा दिवस इंजिन चालूच करू दिलं नाही. आमच्या खळ्यावर गाडी नुसती ढकलत आठच्या आकड्यासारखी फिरवायची. मग त्यांनी ती मुद्दाम आडवी केली आणि म्हणाले, उचल. मी हँडल धरून ओढली. ते म्हणाले, बैलसुद्धा असा उठत नाय, पाठ लाव आणि पायांनी उठव. सतराव्या खेपेला उठली.

आता रोज सकाळी सहा ते साडेसात. माणसाच्या चालीनं गाडी चालवणं सर्वांत अवघड, वेगात कुणीही सरळ जातं, असं ते म्हणतात. मूठ धरताना मनगट खाली हवं, नाहीतर गाडी उसळते आणि घाबरून आपण मूठ आणखी पिळतो. ब्रेक दोन्ही लावायचे, पुढचा हळूहळू आवळत. वळणावर जिथं जायचंय तिथंच नजर ठेवायची, खड्ड्याकडे बघणारा खड्ड्यात जातो. हे सगळं मी वहीत उतरवलंय. काका म्हणतात, पुढच्या वेळी वहीला गाडीवर बसव, तू घरी रहा.

तुझं पोतं रोज मागे बांधतो. इतकं चांगलं भात का ठेवून दिलंय, असं आई विचारते. मी म्हटलं, आत्यानं सांगितलंय.

मी काकांना विचारलं, सर्वांत वाईट काय, पाऊस, सांडलेलं तेल, की म्हशी? ते म्हणाले, रस्त्यावर वाळत घातलेलं भात. दाणे चाकाखाली छर्ऱ्यांसारखे फिरतात. वळण घेतल्यावर एकदम दिसतं, हात आपोआप पुढच्या ब्रेकवर जातो, आणि तिथंच संपतं. त्यावर ब्रेक नाय, वळवणं नाय, गाडी सरळ धरून जाऊ द्यायची. वळणावर भात पसरणाऱ्याला काका काय म्हणाले ते तुला लिहिण्यासारखं नाही.

विपुलदादा वेगात होता असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. मला मागे बसवून तो कधी साठच्या वर गेला नाही. तुला काही माहीत असेल तर कळव.

तुझा भगीरथ


टोकावडे, ९ एप्रिल

चि. भगीरथ यास आशीर्वाद.

महिना झाला, उत्तर दिलं नाही. आज एका बैठकीत लिहिते, नाहीतर पुन्हा राहील.

भात माझं होतं.

आदल्या रात्री अवकाळी पडला होता, अंगण ओलं होतं. वळणावरचं डांबर तापतं, दुपारपर्यंत भात वाळतं, म्हणून दरवर्षी मी तिथंच घालते. कडेनं दगड लावले होते. विपुल शनिवारी संध्याकाळी यायचा. त्या दिवशी दुपारीच आला. मी रिकामी पोती न्यायला घरात आले होते. जमीन थरथरली. मी चहा ठेवला. मग जमीन थांबली. मला वाटलं, दारात आला. बाहेर आले तर अंगणात कुणी नव्हतं.

शेजारच्या बायांनी भात गोळा केलं. पोलीस आले तोवर रस्ता झाडून झाला होता. सगळे म्हणाले, वेगात असेल, गाडीच तसली. मी मान डोलावली. माझ्या पोराला मी पाच महिने बेफाम ठरवू दिलं.

हेल्मेटच्या अस्तरात दाणे अडकलेत, म्हणून ते पाठवलं नाही. आणि तू मागे बांधतोस ते तेच भात आहे. खाववेना, टाकवेना.

आता येणार नाही म्हणालास तरी चालेल. बारक्याला हे वाचून दाखव हवं तर.

आत्या


शेणवा, २८ एप्रिल

ती. आत्यास नमस्कार.

तुझं पत्र बाबांना दाखवलं नाही, पेटीत ठेवलंय. अकरा दिवस गाडीला हात लावला नाही. उत्तर चार वेळा लिहून फाडलं. तुझी चूक नव्हती असं लिहायला बसायचो, पण ते खोटं होतं. भात तिथं नसतं तर दादा घरी आला असता. मला त्याची फार आठवण येते. तुझा रागही येतो. हे लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येत नाही.

पुढचं असं. दादा गेला त्याच आठवड्यात मीही इथं रस्त्यावर भात घातलं होतं. चढाच्या पलीकडे, येणाऱ्याला दिसत नाही अशा जागी. मीही कडेनं दगड लावले. मी पायानं भात फिरवत असताना एक मोटारसायकलवाला आला, डगमगला, शिवी देऊन सावरला. मी हसलो. त्याचं नाव मला माहीत नाही. तो त्याच्या आईकडे पोचला. तुझ्यामाझ्यात फरक एवढाच आहे, आत्या.

काल मी देवरामकाकांना सांगितलं. ते पोत्याची दोरी सोडू लागले. मला वाटलं, उतरवतात. त्यांनी ती पुन्हा घट्ट आवळली आणि म्हणाले, सैल होती, चल.

मी येणार. मात्र दादा वेगात नव्हता हे बाबांना तू सांगायचंस. मी नाही.

भगीरथ


शेणवा, २६ ऑक्टोबर

ती. आत्यास शि. सा. नमस्कार वि. वि.

वर्षश्राद्धाला सकाळी निघून मुरबाडवरून अकराच्या सुमारास पोचेन. काकांनी हो म्हटलंय. त्यांचे शब्द, आता तू मरायचा नाय, पण लवकरही पोचायचा नाय.

मंगळवारी मी एसटीनं येऊन रस्ता पायी बघून गेलो. तुला सांगितलं नाही. वळणावर एक दाणा नव्हता. शेजारची रंगू भेटली. ती म्हणाली, तुझी आत्या रोज सकाळी वळण झाडते, मग दगडावर बसून राहते, कुणाला मूठभर भात घालू देत नाय. विचारलं तर सरळ सांगते, माझ्या भातानं माझा पोरगा गेला. तू पाठमोरी बसली होतीस, मांडीवर खराटा. मी हाक मारली नाही. तुला ऐकू आली नसती, आणि माझ्याच्यानं झालंही नसतं.

त्या दिवशी मात्र खराटा ठेवून दे. घरात थांब, अनवाणी. वळण मी बघतो.

पोतं आता मागे नाही. खाऊ नका म्हणालीस, पेरू नका असं म्हणाली नव्हतीस, म्हणून राबात पेरलं. मला वाटलं नव्हतं, पण उगवलं. खळ्यावर ताडपत्री घालून वाळवलंय.

तुझा भगीरथ


टोकावडे, १० नोव्हेंबर

चि. भगीरथ यास अनेक आशीर्वाद.

घरी नीट पोचलास हे बारक्याच्या चिठ्ठीतून कळलं. वर्षश्राद्धाला तो आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. ओट्यावर बसून रडला, मग माझ्याच पाटीवर लिहून दाखवलं, आमी पण तसंच घालतो गो.

तुला तोंडानं सांगता आलं नाही ते लिहिते. अकराला मी गॅसपाशी उभी होते. काहीच कळेना. सव्वाअकरा झाले. मग तळपायाला कळलं, आधी बारीक, मग टाचेपर्यंत. हात आपोआप गेला, मी आधण ठेवलं. आणि जमीन थांबली.

माझा पाय उचलेना. त्या दिवशीही अशीच थांबली होती. मी आधणाकडे बघत राहिले. चहा उतू गेला तरी बघत राहिले. दाराकडे मान वळवली असती आणि तिथं कुणी नसतं तर? मग खांद्यावर हात पडला. त्याला ग्रीसचा वास होता. विपुलच्याही हाताला असायचा. म्हणून मी लगेच वळले नाही, भगीरथा. तेवढ्या वेळापुरता तो हात मी त्याचाच धरला. तू राग मानू नकोस.

चहा उकळून कडू झाला होता, तरी तू सगळा प्यायलास. तो असता तर निम्मा टाकून हसला असता.

पुढच्या खेपेला मला मागे बसवून वळणापर्यंत ने. पंचेचाळीस किलो आता भरायचे नाहीत. बेचाळीस धर, आणि दोरी लागणार नाही, मी धरून बसेन.

तुझी आत्या