दगडी पहारेकरी, हल्ला शून्य

४ मार्च, बुधवार. दुपारी १.
मामा जेवायला गेलाय. दुकानात मी, अडीचशे चष्म्याच्या फ्रेमा आणि मोबाईल. गेमवाल्यांनी आजपासून 'जुना डाव' उघडलाय. बंद झालेल्या सीझनची कार्डं रविवारी संध्याकाळी सहापर्यंत खेळता येतील. भेट आलेली जुनी कार्डं तोवर खेळली नाहीत तर ती वितळून त्यांची भुकटी होणार.

दोन वर्षांनी जुनं कलेक्शन उघडलं. सहज. आगलावी म्हातारी सापडली, लंगडा सेनापती सापडला. आणि तळाशी ते. दगडी पहारेकरी. हल्ला शून्य, बचाव आठ. दोन वर्षांपूर्वी कॉलेजात, माझ्या वर्गातल्या तिने पाठवलेलं.

कोपऱ्यात लाल शिक्का आहे, म्हणजे आत चिठ्ठी आहे. कार्ड मैदानात उतरवलं की शिक्का फुटतो. त्या वेळी मी फक्त 'हल्ला शून्य' वाचलं होतं आणि मोबाईल गादीवर फेकला होता.

१.२०. छातीत धडधडतंय. सकाळी चहा जास्त झाला.

संध्याकाळी.
नोंद असावी म्हणून लिहितो. मी तिला मोबाईलवर तीन पानं भरतील एवढं मन लिहून पाठवलं. उत्तरात हे कार्ड आलं. अर्थ स्पष्ट होता: मी दगड आहे, तू दाराबाहेर. सोमवारी कॉलेजला गेलो नाही. नंतरही नाही. घरी सांगितलं, प्रॅक्टिकलच्या सरांशी तत्त्वाचा वाद झाला. तो झालाच होता. ते मला ऐतखाऊ म्हणाले, मी स्टूल आपटलं, स्टुलाचा पाय मोडला. सोमवारी वर्गासमोर माफी मागायची होती. मी माफी मागत नसतो. कॉलेज तत्त्वासाठीच सोडलं.

संकल्प: उद्या कार्ड खेळणे. नकारच असणार. एक घाव, दोन तुकडे.

५ मार्च, गुरुवार.
पहारेकरी उतरवायला सात ऊर्जा लागते. दर फेरीला एक मिळते, म्हणजे सात फेऱ्या तग धरायला हवा. चौथ्या फेरीत हरलो. तीन वेळा. नेटवर्क.

दुपारी सहाव्या फेरीपर्यंत पोचलो. पहारेकरी हातात आलेला. डाव सोडून दिला, कारण गिऱ्हाईक आलं.
आलं नव्हतं. येण्याच्या बेतात होतं.

६ मार्च, शुक्रवार.
नवीनच विचार आला. नकार नसेल तर?
हे जास्त भयंकर आहे. नकार असेल तर मी दोन वर्षं बरोबर होतो. होकार असेल तर ही दोन वर्षं कुणी खाल्ली?

याच विचारात एका आजोबांच्या चष्म्याची डावी काच उजवीकडे बसवली. आजोबा दुकानाची पायरी चुकले, थोडक्यात वाचले. मामा म्हणाला, भाचेबुवा, डोळे तपासायचे की डोकं, आधी ते ठरवा. मी स्क्रूड्रायव्हर आपटला आणि नोकरी सोडली. चार वाजता परत रुजू झालो. मामाने चहा मागवला, माझ्यासाठीही. हा अपमान विसरणार नाही.

७ मार्च, शनिवार.
आईने विचारलं, तोंड असं का उतरलंय, पोट बिघडलंय का. म्हटलं, माणसाला विचार असू शकतात. आई म्हणाली, तुला कधीपासून? आणि मीठ-साखरेचं पाणी करून दिलं. प्यायलो.

अंतिम निर्णय: कार्ड न उघडताच वितळू द्यायचं. याला धैर्य लागतं. ते माझ्यात आहे.

८ मार्च, रविवार. ५.१०.
खेळणार नाहीये. फक्त बघायला उघडलंय.

५.३५. सातवी फेरी. समोरचा 'भयंकर भाऊ' नावाचा कुणी आहे. बहुतेक झोपलाय. मारतच नाही. अरे, मार ना मला!

५.४१. हात थरथरतोय. पंख्यामुळे. पंखा फार जोरात आहे. बोटाला घाम, स्क्रीनवर बोट लागत नाही. शर्टाला पुसलं. परत पुसलं.

५.४४. शिक्का फुटला. जशीच्या तशी उतरवतो:
'सगळं वाचलं. अशा गोष्टींचं उत्तर मी मोबाईलवर देत नाही. सोमवारी प्रॅक्टिकलला ये, मग सांगते. सरांना घाबरू नकोस. हा पहारेकरी म्हणजे मी. माफी मागताना शेजारी उभी राहीन.'

५.५२. भयंकर भाऊ जागा झाला. मला चाल सुचेना, वेळ संपली, हरलो. पहारेकरी मात्र शेवटपर्यंत उभा होता.

६.०५. कुठला सोमवार, ते तिने लिहिलेलं नाही.
उद्या सोमवार आहे. पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली. आईने विचारलं, मुलाखत आहे का. म्हटलं, तसंच काहीसं.

९ मार्च, सोमवार. दुपारी.
लॅबच्या दाराशी दहा मिनिटं थांबलो. दार उघडंच होतं. आत फक्त लॅबवाले काका, बाटल्या पुसत. मला बघून म्हणाले, या स्टूलवीर. सरांचं विचारलं. रिटायर झाले. तिचं विचारलं. काका म्हणाले, त्यांची बॅच गेल्या वर्षीच पास होऊन गेली, तू कुठल्या जगात आहेस?

मी विचारलं, त्या सोमवारी ती वाट बघत होती का. काका म्हणाले, हो, संध्याकाळपर्यंत त्या खिडकीशी बसली होती, दोन जर्नल घेऊन. दुसरं तुझं होतं. मग म्हणाले, पण बाबा, एकच सोमवार बसली. दर सोमवारी नाही.

माझं जर्नल त्यांनी कपाटातून काढून दिलं. राहिलेले सगळे प्रयोग तिच्या अक्षरात पूर्ण. शेवटच्या पानावर सरांचीही सही आहे. फक्त विद्यार्थ्याची जागा कोरी. काकांनी मला स्टुलावर बसवलं. तेच स्टूल, एका पायाला पट्टी ठोकलेली. म्हणाले, कर सही आणि ने एकदाचं, कपाट मोकळं होऊ दे.

पेन घेतलं. हात थरथरत होता.
वर बघितलं. पंखा बंद होता.