मोज्यांची दुसरी जोडी

नाशिक,
२३ डिसेंबर २०२४

प्रिय नूर,

देहरादूनला सुखरूप पोहोचलीस हे कळलं. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. थंडी मात्र यंदा जास्तच आहे. निफाडला पारा किती उतरला ते रोज पेपरात येतं, आणि सुलाबाई भांडी घासायच्या आधी गॅसवर हात शेकून घेते. काल म्हणाली, "ताई, हितंच लय गारठा हाय, साहेबांना आजून बर्फात कशाला धाडता?" मी दिनेशला विचारलं, हिला कुणी सांगितलं? म्हणाला, मीच. म्हणजे त्याचं जायचं ठरलं, आणि ते माझ्याआधी सुलाबाईला कळलं.

तुझं इथलं भाषण फार छान झालं. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू हसतेस आणि मला काय म्हणायचं होतं ते मी विसरून जाते. शाळेपासूनचं आहे हे. म्हणून लिहायला बसले.

हिवाळी मोहिमा का फसतात, यावर तू दीड तास बोललीस आणि कुणी खुर्चीतून हललं नाही. दिवस लहान, म्हणून जरा उशिरा निघालेला माणूस अंधारात सापडतो. स्टोव्ह पेटत नाही, मग बर्फ वितळत नाही, मग प्यायला पाणी नाही. परत फिरावं असं सगळ्यांच्या मनात असतं, पण आधी कोण बोलणार? आणि ते बुटांचं. पायाला ऊब म्हणून मोज्यांची दुसरी जोडी चढवायची, तिने बूट आवळतो, रक्त बोटांपर्यंत पोचत नाही, आणि उबेसाठी घातलेला मोजाच पाय घालवतो. हे तू सांगत होतीस तेव्हा दिनेश खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. तुझं एक वाक्य तर मी माझ्या भाचीलाही ऐकवलं: "मोहीम शिखराजवळ फसत नाही, घरी सॅक भरताना फसते." निबंधात तुला माझ्यापेक्षा कमी मार्क मिळायचे, हे आठवून मजा वाटली.

एक गोष्ट मात्र मला नवी होती. ब्याण्णव सालच्या मोहिमेत वरच्या कॅम्पवर एका साथीदाराचे पाय लाकडासारखे झाले, तेव्हा तू जॅकेट वर करून ते आपल्या उघड्या पोटावर घेतलेस आणि उजाडेपर्यंत तसेच धरून ठेवलेस. तू नाव घेतलं नाहीस. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसून मला विचारलं, कोण असतील हो ते? मी म्हटलं, असतील कुणीतरी.

डाव्या पायाची तीन बोटं नसलेला माणूस माझ्या दुसऱ्या बाजूला बसला होता.

मला त्याचं काही वाटलं नाही. डोंगरात असं करावंच लागतं, हे तूच सांगितलंस. तेव्हा तुझ्या अब्बांच्या कानावर गेलं असतं तर तुझं डोंगरावर जाणंच बंद झालं असतं, हेही कळतं. आता अब्बा नाहीत, तू बोलू शकतेस. फक्त इतकंच की दिनेशने मला हॉस्पिटलातल्या मलमाचा वाससुद्धा सांगितला आहे. हे नाही सांगितलं. थंडीत तो रात्री मोजे घालून झोपतो आणि पाय आपल्या बाजूला आखडून घेतो, चुकून माझ्या पायाला लागला तर "सॉरी" म्हणतो. इतकी वर्षं मी समजत होते की त्याला तुटक्या बोटांची लाज वाटते.

आठवतं, ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी आपण शाळेतल्या चॅपलच्या दाराआड उभ्या राहून फादरना लोकांचे पाय धुताना बघायचो? तू नाक मुरडून म्हणाली होतीस, मी तर नवऱ्याचेही धुणार नाही. नवरा तू केलाच नाहीस. असो.

मुद्द्याचं लिहिते. दिनेश त्रेसष्टचा झाला. रोज रक्तदाबाची गोळी घेतो. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्याचा सगळ्यात मोठा चढ म्हणजे आमचा जिना. तू क्लबच्या मुलांना घेऊन ब्याण्णवच्याच शिखरावर जाणार, तोच जानेवारी, आणि तळावर बसून वॉकीटॉकी सांभाळायला तुला दिनेशच हवा. तुमच्या जुन्या गटातला सुनील का नाही चालत? तो वयाने लहान आहे, रिकामाही आहे. तू दिनेशला नाही म्हणून सांग. माझं तो ऐकणार नाही. तुझं ऐकतो.

तुझी बालमैत्रीण,
वृंदा


नाशिक,
२ जानेवारी २०२५

प्रिय नूर,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. तुझा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. तू त्याला नाही म्हटलं नाहीस. "वृंदाला विचार" म्हणालीस. तो लगेच येऊन ओट्यापाशी उभा राहिला, कळवणहून माझ्या बाबांना भेटायला आला होता तेव्हा उभा होता तसाच, हात कुठे ठेवावेत ते न कळून. त्याला मी तेव्हाही नाही म्हणू शकले नव्हते.

अंजनेरी आठवते का गं? तू मला ओढून नेलं होतंस. अर्ध्या वाटेवर माझ्या सँडलचा पट्टा तुटला आणि तुमच्या गटातला तो लाजरा मुलगा माझ्याबरोबर खाली उतरला. तुम्ही सगळे वर गेलात. आम्ही पायथ्याशी बसून पेरू खाल्ले. तो माझ्यासाठी खाली आला, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. भाषणानंतर मनात आलं, तूच त्याला पाठवलं असशील. नूर म्हणाली, उतर, म्हणून उतरला असेल. हे खरं असेल तर मला सांगू नकोस.

तर, तो जाणारच होता. मग निदान माझं काहीतरी सोबत जाऊ दे, म्हणून मी सुया काढल्या. शाळेत सिस्टर ॲग्नेसने शिकवलेली मोज्याची टाच अजून हाताला आठवते. मरून रंगाची लोकर, जाड. ब्याण्णवच्या मोज्यांचा रंगही तोच होता. लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा, आणि मी त्याच्या सॅकमध्ये सगळ्यात वर ते मोजे ठेवले होते. शिखराच्या दिवशी घाल, असं बजावलं होतं.

परवा त्याचे नवे बूट आले. तो हॉलमध्ये खुर्चीवर बसून घालून बघत होता. मी मोजे पुढे केले. म्हटलं, तुला तळावर नुसतं बसायचंय, एकावर हे दुसरे चढव. त्याने ते हातात घेतले, उलटे केले, पुन्हा सुलटे केले. "सुंदर झालेत," म्हणाला. "तंबूत घालीन."

"बुटात का नाही?"

"बूट जरा घट्ट आहेत."

"मग एक नंबर मोठे घे."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. नूर, माणूस खोटं बोलतो तेव्हा निदान तोंड तरी उघडतो. हा गप्प बसला, आणि त्या गप्प बसण्यात मला तुझा हॉलमधला आवाज ऐकू आला. दुसरी जोडी. आणि नाडी बांधणारा दिनेश. त्या दिवशी त्याच्या बुटाला नाडी नव्हतीच, नूर. तो चप्पलवजा बूट घालून आला होता, बिननाडीचा. मी शेजारी बसून बघितलं होतं आणि तरी मला दिसलं नव्हतं.

मी म्हटलं, "मागचे मोजे तू मनालीच्या हमालाला दिलेस ना?"

"हो."

"दिनेश."

मग तो म्हणाला, "बूट काढला तेव्हा मोजे निघत नव्हते. नूरने चाकूने कापून काढले."

बूट तसाच अर्धा घातलेला.

त्या हमालाची गोष्ट मी किती जणांना सांगितली आहे याचा हिशेब नाही. माझी वीण इतकी आवडली की त्याने मागूनच घेतले, अजून कुणीतरी तिकडे माझे मोजे घालत असेल. हळदीकुंकवाला सांगितली, दिनेशच्या ऑफिसच्या बायकांना सांगितली. एका दिवाळीत तुझ्यासमोर सांगितली. तू सोफ्यावर बसून चिवडा खात होतीस. तू म्हणालीस, "वीण छानच होती गं." आणि पुढचा घास घेतलास.

आभार मानायला हवेत हे मला कळतं. त्याचे पाय तुझ्यामुळे राहिले. शिखर एका दोराच्या अंतरावर असताना तू त्याला घेऊन मागे फिरलीस, आणि ते शिखर तुला पुन्हा कधी मिळालं नाही, तेही माझ्या मोज्यांपायी. एवढे संस्कार आपल्या नन्सनी केलेत माझ्यावर. पण आभार येत नाहीयेत. येतोय तो राग.

पोटावर पाय घेतलेस ते मी सोसलं असतं. एक रात्र होती, जीव जात होता. पण त्यानंतर इतक्या वर्षांत तुम्हा दोघांचं एक गुपित होतं, आणि ते माझ्याविषयी होतं. मला दुखवायचं नाही, असं तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत. कुठे ठरवलंत? तंबूत? की हॉस्पिटलात, मी डबा आणायला घरी गेले होते तेव्हा? माझ्या नवऱ्याबरोबर बसून माझी काळजी घेण्याचा हक्क तुला कुणी दिला? मी लहान मूल होते का तुमच्या दोघांचं?

हे खोडायचं म्हणून दोनदा पेन उचललं. राहू दे.

सौ. वृंदा दिनेश देवरे


नाशिक,
१० जानेवारी २०२५

प्रिय नूर,

तुझे फोन मी घेतले नाहीत. तुझा मेसेज मात्र गॅलरीत उभी राहून वाचला, मग आत येऊन चष्मा पुसून पुन्हा वाचला. "वेडे, काही ठरवलं नव्हतं. त्याचे पाय माझ्या पोटावर होते आणि तो रडत होता, ते पायांसाठी नव्हे, मी तुझे मोजे कापले म्हणून. म्हणाला, तिला सांगू नकोस, ती पुन्हा सुया हातात धरणार नाही. मी मान हलवली. हेवा कुणी कुणाचा करायचा होता, सांग."

तो दिवस माझा फार चांगला गेला. सुलाबाईला चहाबरोबर दोन नानकटाया दिल्या. दिनेशला कारण कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या लाटताना शेवटचं वाक्य पुन्हा डोक्यात आलं. म्हणजे तुलाही हेवा वाटला होता. म्हणजे हेवा वाटण्यासारखं तुझ्या बाजूने काहीतरी होतं. खरं सांगते, पोळी करपली. पण मग वाटलं, होतं तर होतं. तू ते इतकी वर्षं एकटीने वागवलंस आणि माझ्या घरी येऊन चिवडा खाल्लास. मला नसतं जमलं. मी पहिल्याच दिवाळीत बोलून मोकळी झाले असते.

रविवारी जेवण झाल्यावर तो आडवा झाला. मी त्याच्या पायांशी बसले आणि त्याचे मोजे ओढून काढले. पदर बाजूला करून पोटावर हात ठेवला, म्हटलं, ठेव इथे. त्याला कळलंच नाही आधी. मग एकदम पाय आखडले. "अगं, पाय लागतील तुला."

"लागू देत."

सकाळच्या फरशीसारखे गार होते, नूर. बोटं नाहीत तिथली कातडी गुळगुळीत आहे, एखाद्या लहान मुलाच्या टाचेसारखी. इतक्या वर्षांत मी तिथे हात लावला नव्हता. मला वाटलं होतं काहीतरी मोठं वाटेल, चॅपलमध्ये वाटायचं तसं. पोटात कळ आली फक्त. तो मात्र थोड्या वेळाने झोपून गेला, आणि झोपेत त्याने पाय काढून घेतले नाहीत. मी हलले नाही. माझ्या पायाला मुंग्या आल्या, दारावर कुणी बेल वाजवून गेलं. तू हे एक अख्खी रात्र केलंस, बाहेर तो वारा असताना, शिखर हातचं गेलं हे माहीत असताना. कसं केलंस, हे मी टोमणा म्हणून विचारत नाही.

तर आता ऐक. दिनेश येतो आहे. एकच जोडी मोजे, बुटात बोटं हलतील एवढी जागा, हे मी स्वतः तपासलं आहे. गोळ्या त्याच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवल्यात. आणि मीही येते आहे. नाशिक रोडहून दोघांची तिकिटं काढली. रस्ता संपतो त्या गावात एका घरात खोली मिळाली आहे, तुझ्या तळापासून एका दिवसाच्या वाटेवर. दिनेश म्हणाला, तू तिथे काय करणार? म्हटलं, बसेन. अंजनेरीच्या पायथ्याशी बसले होते तशी. तुमच्यावर विश्वास नाही म्हणून मी येतेय असं तू समजशील, तर तेही थोडं खरं आहे.

मरून मोजे उसवले नाहीत. ते तुझ्यासाठी आणते आहे. दिनेशच्या मापाचे आहेत, तुझा पाय लहान, तुला ते अगदी सैल बसतील. झोपताना घाल. बुटात घालू नकोस.

शिखर तुझंच आहे. तिथे मला तुझा हेवा नाही, म्हणजे फारसा नाही. पण तू खाली तळावर उतरल्यावर त्याचे पाय गार पडलेले असले, तर तू जॅकेट वर करू नकोस. मला निरोप पाठव, मी चढून येते.

तुझे पाय गार पडले असले, तरीही.

तुझ्यावर नजर ठेवून वाट बघणारी,
वृंदा