मानंवर गेलेला हात

पुणे

आईस राजपालचा जयभीम.

इथं सगळं ठीक हाय. खोलीतली पोरंबी आपलीच पोलिसांची मालिका बघतात. मी शाळंत असल्यापासून ती चालू हाय. त्यातल्या साहेबांचे केस पिकले, तरी गुन्हेगार सापडतोच. तासाभरात खरं बाहेर येतं, म्हणूनच माणसं बघत असतील.

मला मात्र तुझ्याबिगर मजा येत न्हाय. साहेबांच्या आधी तूच सांगायचीस, "ह्याचा हात मानंवर गेला, ह्योच खोटं बोलायलाय." तू कधी चुकली न्हाईस.

कंपनीत काम चालू हाय. जेवण वेळेवर होतं. तुझे गुडघे कसे हायेत? धाकटी संघप्रिया कॉलेजला तेरहून एसटीनंच जाती का?

व्हिडिओ कॉल कर म्हणतीस, पण सध्या पत्रावरच भागव. माझा हात कुठं जातोय ते तुला दिसलं, तर सगळंच सांगावं लागंल.

तुझा,
राजपाल