ह्यांच्या नावाची कंपनी

३ जून, सोमवार

उर्वी आता कारखान्यातच बसते, कंपनीचा इतिहास लिहून राहिली. वेबसाईटवर टाकायचा म्हणे. "आजी, सांग सगळं." मला काय, निमित्तच पाहिजे!

ह्यांनी कंधारला लग्नात स्पीकर लावण्यापासून सुरुवात केली. मग लातूरला येऊन स्वतः अँप्लिफायर बनवले. मांडववाले परत आणून द्यायचे — "आवाज गोड हाय, पण गाव हलत न्हाई." गाव कशाला हलवायचं? आता तेच न्यायला शौकीन लोक बेंगलोरहून येतात.

कंपनीला नाव ह्यांचंच. म्हणून मी आजवर घेतलं न्हाई. फोन आला की "आपली कंपनी" म्हणायची. लोक राँग नंबर समजून ठेवून द्यायचे. उर्वी हसून हसून लोळली.

५ जून

आज हसू न्हाई. बजरंग — माझा लेक, उर्वीचा बाप, विम्याचं काम करतो — म्हणला, आबा गेले, आता ओढण्यात अर्थ न्हाई. कारखान्याची जागा कोचिंग क्लासवाल्याला देतो.

उर्वी म्हणली, "पप्पा, उद्या बिदरचे डॉक्टर आपली नवी अँप्लिफायर मशीन बघायला येऊन राहिले. तेवढं तरी बघा."

"बघायचं काय त्यात?"

"ऐका मग."

६ जून

डॉक्टर चन्नबसप्पा सकाळीच आले. आम्ही बसवून ठेवले. रीतच तशी — दुपारी लाईट गेली की शेजारची डाळमिल थांबते, तवा मशीन बॅटरीवर लावायची. चहा झाला, पुन्हा चहा झाला. लाईट एकदाची गेली.

"चालू केली का?" डॉक्टर.

"हाव, केली की."

स्पीकरला कान लावला त्यांनी. घरघर न्हाई, काही न्हाई. खुश झाले.

मग उर्वीनं भजनाची टेप लावली, ह्यांनीच भरलेली. अभंग संपला, टाळ थांबले — आणि कुणीतरी हळूच खोकलं.

"कोण हे?" डॉक्टर म्हणले.

उर्वीला ठाऊक न्हाई. मी खुर्ची स्पीकरजवळ सरकवली.

दारातून बजरंग म्हणला, "आबा. माईक धरून उभे राहायचे. खोकला दाबायचे." लहानपणापासून ऐकलेली टेप, पण खोकला ह्या नव्या मशीनवरच कळला.

"परत लाव," म्हणला. लाईट आली, डाळमिल सुरू झाली, तरी बसूनच होता.

७ जून

डॉक्टरांनी मशीन घेतली. बजरंग आज नीट जेवला.

९ जून, रविवार

क्लासवाला आला. बजरंगनं जागा दिली — स्वतःच्या विम्याच्या ऑफिसची. टेबल-खुर्ची उचलून कारखान्यात आणली, उर्वीच्या समोर मांडली.