फोन खिडकीत होता

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या गावात एकच फोन होता, तोही किराणा दुकानातला, तारेचा. त्यामुळे मी पोटासाठी काय करते ते तुम्हाला आधी सांगावं लागेल. मी गोंदियात राहते आणि दवाखाने, वसतिगृहं, क्लासेस अशा ठिकाणी बिनतारी इंटरनेटचे डबे बसवते. जेवणाच्या डब्याएवढा पांढरा डबा, छताजवळ ठोकायचा. त्यातून इंटरनेट हवेतून फोनमध्ये येतं, एवढंच लोकांना माहीत असतं. पण खिशातला फोनही सारखा आसपासच्या डब्यांना हाका मारत असतो, कोणी तो जोडलेला असो की नसो, आणि प्रत्येक हाकेत त्या फोनचा स्वतःचा क्रमांक असतो, आपण लावतो तो नंबर नव्हे, कारखान्यातून यंत्राला मिळालेला. तो क्रमांक, ती वेळ, फोन किती जवळ होता, हे सगळं मी बसवते ते डबे लिहून ठेवतात. खालून चालत गेलेल्या माणसाला याचा पत्ताही नसतो. तुम्ही असतात तर हसून म्हणाला असतात, म्हणजे पाटकऱ्याचंच काम झालं की हे. तसंच आहे, फक्त चिखल नाही.

चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी नहरेनं आपल्या भागात यायचं, आणि कोणाच्या धानाच्या बांधीत कोणत्या दिवशी सोडायचं ते पाटकरी म्हणून तुम्ही बघायचात. पाळी नसताना कोणी गेट उचललेलं दिसलं की तुम्ही सायकल आडवी टाकून नहरेच्या काठाला ओल्या पारीवर उकिडवे बसायचात. अनवाणी पाऊल पाहून तुम्ही माणूस सांगायचात, तेही असं सहज, की मला वाटायचं सगळ्यांच्याच वडिलांना हे येतं. चपलेचा ठसा मात्र तुम्ही कधी धरला नाही. घरात जोड एक आणि माणसं पाच, ज्याला बाहेर पडायचं तो पायात सरकवतो, असं तुम्ही म्हणायचात. पाटबंधारे खात्याच्या साहेबांनी कितीही दटावलं तरी चपलेवरून तुम्ही नाव घेतलं नाही.

नव्व्याण्णव साल, मी आठवीत आहे. धान निसवायला आलं आहे आणि पाणी पुरत नाही म्हणून गावात रोज कोणाची तरी कोणाशी जुंपते. सकाळची वेळ, शाळेच्या वाटेवर तुमच्या सायकलीवर मागे बसले आहे. गेट वर उचललेलं आहे आणि पारीवर एक अनवाणी पाऊल उमटलं आहे, करंगळी नसलेलं. ते कोणाचं हे सांगायला पाटकरी लागत नव्हता. टोकाच्या बांधीवाली काकू, नवरा वारलेली, दोन लहान पोरी. तेवढ्यात साहेबांची मोटारसायकल आली, आणि मी मोठ्या हुशारीनं तोंड उघडलं, बाबा, हा तर, एवढंच बोलले असेन, की तुम्ही दोन पावलं टाकून त्या ठशावरच उभे राहिलात. तुमच्या पायाखालून पाणी निघालं. साहेबांनी विचारलं, कोण होतं. तुम्ही म्हणालात, चप्पल होती साहेब, चपलेवरून काय समजते. साहेब तुमच्या पायांकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. मी दप्तराचा पट्टा चावत होते. इतकी भीती मला परीक्षेत कधी वाटली नाही.

साहेब गेल्यावर तुम्ही सायकल हातात धरून चालायला लागलात, मला बसवलं नाही. चालता चालता म्हणालात, "तुले ओरखता आलं ना? मंग तुयापाशीच ठेव. ओरखलं म्हनून सांगून कायले राहिली?" आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. आठ दिवसांत तुम्हाला मेमो आला आणि नहरेच्या पार शेवटच्या टोकाला काम दिलं, रोज जाऊन-येऊन बारा कोस सायकल. आई भाकरी थापता थापता तुम्हाला सुनावत होती, लोकायचं धान पिकावं म्हणून तुमी सायकल हाना. तुम्ही ताटातली मिरची बाजूला काढत होतात. मी मनातून आईच्या बाजूची होते, हे तुम्हाला माहीत नव्हतं.

आता माझं ऐका. तीन वर्षांपूर्वी, दोन हजार चौदा साली, मला मुर्रीच्या रस्त्याकडच्या एका खासगी नर्सिंग शाळेचं काम मिळालं. मुलींच्या वसतिगृहात पुरुष माणूस वर चढू देत नाहीत, म्हणून बाईच हवी होती, आणि या धंद्यात गोंदियात बाई म्हणजे मीच. प्रत्येक मजल्यावर डबा बसवला. रजिस्टरवर मुलींची नावं आणि त्यांच्या फोनचे हे यंत्राचे क्रमांक समोरासमोर लिहून घेतले. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही, उलट काम किती व्यवस्थित झालं याचा रुबाब वाटला.

पावसाळ्यानंतर तिथे तपासणीची मंडळी आली. दुपारी ती जेवायला गेली असताना वसतिगृहाच्या कॉरिडॉरमधल्या त्यांच्या खोलीच्या दाराखालून कोणीतरी कागद सरकवला. वॉर्डनबाईंचा भाऊ रविवारी मुलींच्या मजल्यावर फिरतो, असं त्यात लिहिलं होतं, खाली सही नव्हती. तपासणीवाल्यांनी तो कागद वाचून संचालकांच्याच हातात दिला. संचालकांनी दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. दार लावून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, मॅडम, आपकी मशीन में तो सब दिखता है ना, कल दो बजे कॉरिडॉरमध्ये कोण होतं? मला तेव्हाच म्हणता आलं असतं की नाही दिसत. त्यांना काही कळलं नसतं. पण मी लॅपटॉप उघडला. पुसून टाकावं असं मनात आलंही नाही. आलं ते एवढंच, की हे मला काढता येतं. दोनला दहा कमी असल्यापासून सव्वादोनपर्यंत एकच फोन कॉरिडॉरच्या डब्याजवळून हलला नव्हता. मी रजिस्टरशी ताडून नाव वाचलं. सालेकशाकडच्या जंगलातल्या गावातली मुलगी, शेवटच्या वर्षाची. संचालकांनी विचारलं, पक्कं? मी म्हणाले, पक्कं.

तिसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानात आली. सोबत तिचे वडील, गळ्यात गमछा, दाराबाहेरच उभे, आत या म्हटलं तरी येईनात. तिच्या हातात पत्र्याची पेटी होती. तिला शिस्तभंगाचं पत्र देऊन घरी पाठवलं होतं, परीक्षा चार महिन्यांवर. ती रडत नव्हती. मला म्हणाली, "मॅडम, मी तं मेसमंदी ताटं धूत होती. फोन खिडकीले टांगला होता. रेंज तेथंच येते ना."

 तिच्या गावात रेंज येत नाही. एखाद्या झाडाशी किंवा एखाद्या खांबाशीच ती सापडते, तिथे लोक फोन पिशवीत घालून टांगून ठेवतात आणि आपापल्या कामाला लागतात. वाजला की जवळ असेल तो धावतो. वसतिगृहातही रेंज त्या कॉरिडॉरच्या खिडकीतच यायची, म्हणून तिनं घरच्या सवयीनं तिथे पिशवी अडकवली होती. आणि हे मला माहीत नव्हतं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? आईचा फोन आजही आपल्या अंगणातल्या निंबाला खिळ्यावर असतो. मी फोन केला की शेजारची आधी उचलते. सगळं माहीत असून मी पक्कं म्हणाले. जी चूक तुम्ही चपलेच्या बाबतीत सबंध नोकरीत एकदा केली नाही, ती मी एका चहाच्या कपावर केली.

मी गेले संचालकांकडे, पण दोन दिवसांनी. ते दोन दिवस मी काय करत होते विचाराल तर काही नाही, धीर गोळा करत होते. त्यांना म्हणाले, यंत्राला फोन दिसतो, माणूस दिसत नाही, ती मुलगी तिथे नव्हती. ते हसले. "मॅडम, उस दिन तो आपने पक्का बोला था. आता मी कोणाला काय सांगू?" मग त्यांनी पुढच्या वर्षाच्या देखभालीचं कंत्राट माझ्यापुढे ठेवलं. मी सही केली. दाराखालून तो कागद खरंच कोणी सरकवला होता ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि तो भाऊ रविवारी येतच राहिला. मला स्वतःची किळस आली, पण सही करून झाल्यावर.

पुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही. तिच्या फोनचा क्रमांक माझ्याकडे होता. माझे डबे आता जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी आहेत, आणि दर आठवड्याला सगळ्यांच्या नोंदी तपासताना मी तो क्रमांक शोधू लागले. माफी मागायला पत्ता हवा, असं स्वतःला सांगितलं. पाच महिन्यांनी तो सापडला, आमगावात, स्टेशनकडच्या एका दवाखान्याच्या डब्यावर. सकाळी नऊच्या आत येतो, सहाला जातो, रविवारी नसतो. त्याला आता दोन वर्षं झाली. मी गेले नाही. नुसतं पाहते. ती कधी उशिरा आली, कधी आजारी पडली असावी, हे मला तिच्या आईच्या आधी कळतं. मध्ये आठ दिवस तो क्रमांक दिसला नाही तर माझं जेवणात लक्ष नव्हतं.

मागच्या सोमवारी त्या दवाखान्यातला डबा बंद पडला आणि मला जावंच लागलं. शिडीवर होते, खालून आवाज आला, मॅडम, तुमी इथं? पांढरा कोट, हातात रक्ताच्या नळ्यांचा ट्रे, अंगानं थोडी भरलेली. चांगली दिसत होती. मी म्हणाले, इंटरनेट पाहायला आले. तिनं आजूबाजूला पाहिलं आणि शिडीजवळ येऊन हळूच म्हणाली, "मले तिथून काढलं ते इथं कोनाले माहीत नाई. मी इथं आहो हे तिकडं नोका सांगू. तुमच्याशिवाय कोनाले ठाव नाई आता."

मी म्हणाले, नाही सांगणार. तिनं माझे आभार मानले, बाबा. आणि मी ते घेतले, शिडीवर उभ्या उभ्या, डब्याचा स्क्रू आवळत. ती इथे आहे हे मला त्याच दिवशी कळलं असं तिला वाटलं, आणि मी तसं वाटू दिलं. माफी मागायची होती तीही राहिली. हे पत्र तर कुठे टाकायचं नाहीच. तिची दोन वर्षांची यादी पुसायला फार तर अर्धं मिनिट लागतं. घरी येऊन उघडली, वरपासून खालपर्यंत पाहिली, आणि पुसली नाही. आज ती पाच मिनिटं लवकर आली आहे.