स्टेम सेलवाल्यांना होकार देण्याआधी

हृषी,

हिमानी झोपलीय तेवढ्यात लिहितेय. उठली की तिला व्यायामाला नेते. भाजी झाकून ठेवलीय.

स्टेम सेलवाल्यांना आज होकार कळवू नकोस. त्यांच्या व्हिडिओत जो चालताना दिसतो, त्या मुलाच्या आईला मी फोन केला. ‘फर्क तो है,’ म्हणाली, आणि लगेच, ‘दीदी, आपके डॉक्टर कुछ और बता रहे हैं क्या?’

तुमच्या ऑफिसाच्या चाचणीशिवाय साधी स्प्रिंगसुद्धा रेल्वेच्या डब्याला लागत नाही ना? मग हिच्या कण्यात टोचायच्या त्या पेशी कुणी तपासल्या, ते विचार. ती अजून स्वतःच्या हाताने चमचा धरते. तेवढं तरी जायला नको रे.

मला विचारायला लावू नकोस. ‘बिटिया चलने लगेगी’ एवढं जरी म्हणाले, तरी मी हो म्हणून बसेन.

रुचिरा