नाडी ऐंशी

सोमवार, ८ डिसेंबर. पाथरी

सेलूला गाडीतून उतरले तर व्यंकटराव फलाटावर माझ्या नावाचा पुठ्ठा धरून उभे. पुठ्ठा उलटा होता. दोघंही हसलो आणि तिथंच ओळख झाली. आमच्या फिरत्या दवाखान्याची गाडी तेच चालवतात. बाजारापुढे कापसाच्या गाड्यांची मोठी रांग होती, रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस अडकला होता. पाथरीपर्यंत त्यांनी मला प्रत्येक फाट्याचं नाव सांगितलं. मी निम्मी विसरले.

खोली गच्चीवर आहे. घरमालकीण पार्वतीबाईंनी आल्याआल्या धपाटे आणि दही दिलं. ‘डॉक्टरीणबाई अर्पिता’ असं पूर्ण नाव घेऊन हाक मारतात. नाशिकला आईला फोन करून सांगितलं की मी खूश आहे. खरंच आहे.

बुधवार, १० डिसेंबर

पहिला दिवस. दर बुधवारी नदीकाठच्या ऊसतोडीच्या तळावर जायचं. चाळीसेक कोप्या, पाचट आणि निळ्या ताडपत्रीच्या झोपड्या. यंदा त्यांत पुरानं घर गेलेली माणसंही आहेत, ज्यांनी आजवर कोयता धरला नव्हता. उमाजी त्यातले. मेंढरं वाहून गेली, म्हणून बायको कासाबाई आणि नऊ वर्षांची लेक दीपिका यांना घेऊन इथं आले. कासाबाईला नववा महिना लागलाय आणि ती डोक्यावर मोळी घेऊन हसत येत होती. तिला तपासलं, बाळाचे ठोके दीपिकालाही ऐकवले. दवाखान्यातच बाळंत व्हायचं, असं तीनदा बजावलं.

आमच्या बबिता सिस्टर चौदा वर्षं हेच काम करतात. फार बोलत नाहीत. मला वाटतं, इथं माझा उपयोग होईल.

बुधवार, १७ डिसेंबर

एक्केचाळीस रुग्ण. शेवटी कासाबाई. सहा दिवसांपूर्वी कोपीतच बाळंत झाली, बाळ गेलं. ओटीपोटात दुखतं म्हणाली. तपासलं. नाडी ८०, रक्तदाब १२०/८०, ताप नाही. गोळ्या दिल्या. फार दमले आहे.

बुधवार, २४ डिसेंबर

मागच्या बुधवारी मी या वहीतही खोटं लिहिलं.

कासाबाईला मी तपासलं नाही. हातसुद्धा लावला नाही. तिच्या अंगाला वास येत होता. तो वास कशाचा असतो हे मला कॉलेजात शिकवलंय. बाळंतिणीला असा वास आला की एक तासही थांबायचं नसतं, हेही शिकवलंय. मी दोन हात लांब उभी राहिले, मास्क वर ओढला आणि केसपेपरवर आकडे मनानं लिहिले. उमाजी विचारत होते की परभणीला न्यावं का. मी कागद त्यांच्या हातात दिला आणि गरज नाही म्हणाले. सिस्टर गाडीत औषधं आवरत होत्या. आतून तपासणी केली का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले.

कासाबाई शनिवारी सकाळी गेली.

आज उमाजींनी तो कागद दाखवला. आधारकार्डासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलाय. माझ्यावर राग नाही. उलट मलाच समजावल्यासारखं म्हणाले, “तुमी काय करणार बाई, तुमी तर तपासलं होतं. कागूद हाय की.”

मी मान हलवली. मान हलवली मी.

त्यानंतर रांग सुरू झाली. पहिल्या माणसाची नाडी ऐंशी. दुसऱ्या बाईचीही. दहाव्या रुग्णापर्यंत माझ्या लक्षात आलं नाही.

बुधवार, ३१ डिसेंबर

सगळ्यांची ऐंशी. सगळ्यांचा दाब १२०/८०. दम लागलेल्या म्हाताऱ्याचा, थंडीनं कुडकुडणाऱ्या बाईचा, सगळ्यांचा. माझ्या हाताला कुणाचं कपाळ गरम लागत नाही. यंत्र बदललं, सेल बदलले. शेवटी एका माणसाचा तोच दंड सिस्टरांना तपासायला दिला. त्यांना १६० वर १०० मिळाला. त्यांनी तो मला दाखवला. मला काचेवर १२० वर ८० दिसत होतं.

डोळे तपासून घ्या, इतकंच म्हणाल्या. आता सगळ्यांचं मोजमाप त्याच करतात, मी फक्त औषध लिहिते.

ते माझेच आकडे आहेत. मीच लिहिलेले.

शनिवार, ३ जानेवारी

भर दुपारी गच्चीचा जिना दहा वेळा चढले-उतरले. घाम डोळ्यांत जात होता, छाती फुटायची बाकी होती. मनगटावर बोटं ठेवली. ऐंशी. अगदी सावकाश, झोपलेल्या माणसासारखी.

राजीनामा पाठवला. दुसरा डॉक्टर मिळेपर्यंत थांबा, असं उत्तर आलं.

बुधवार, ७ जानेवारी

हे लिहायची लाज वाटते, म्हणून लिहिते.

मालनबाई नावाची म्हातारी. आम्ही पोचलो तेव्हा बायका रडत होत्या. सून म्हणाली की सासू सकाळपासून बोलत नाही, एकदा बघून सांगा. सिस्टर पलीकडच्या टोकाला एका बाळाला इंजेक्शन देत होत्या. मी नको म्हणायला हवं होतं. पण सगळ्यांच्या देखत नको कसं म्हणायचं? मनगट धरलं.

नाडी लागली. स्वच्छ, भरलेली. मी मोजली. मी म्हणाले, जिवंत आहेत.

बायकांचं रडणं थांबलं. कुणी तळपाय चोळू लागल्या. सून तिच्याशी बोलत चमच्यानं पाणी पाजत होती आणि पाणी गालावरून परत येत होतं. मी मनगट धरून बसले होते आणि ती ठोके देत होती. तासाभरानं सिस्टर आल्या. त्यांनी पापणी उघडून पाहिली, हनुवटी हलवून पाहिली. ती हलली नाही. पहाटेच गेल्या असतील, असं हळूच म्हणाल्या.

 निघताना सुनेनं मला चहा आणून दिला.

गुरुवार, ८ जानेवारी

पलंगाच्या लोखंडी दांडीवर बोटं ठेवली.

ऐंशी.

शनिवार, १० जानेवारी

सिस्टरांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की त्यांना त्या दिवशीच कळलं होतं. हातमोज्यांचं पाकीट फोडलेलं नव्हतं. नव्या डॉक्टरला कशाला दुखवा, म्हणून गप्प बसल्या.

मग त्याही रडल्या. मला बरं वाटलं. बरं वाटलं याची नंतर लाज वाटली.

आता उमाजींना सांगायचं. दुसरं काही उरलेलं नाही.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. सिस्टर सेलूला घरी. दवाखाना बंद, तोड मात्र चालू. व्यंकटरावांना गाडी काढायला लावली. उमाजी कोपीतच होते. उभ्या उभ्या सांगितलं. वास आला म्हणून हात लावला नाही. आकडे मनचे लिहिले.

 ते म्हणाले, “न्हाई. तुमी तपासलं. तपासलं नसंल तर मंग म्या तिला माघारी का आणलं?”

पुन्हा सांगितलं. त्यांनी मान फिरवली. म्हणाले, ते ऱ्हाऊ द्या, पोरीला बघा, रातीपासून पडून हाय.

दीपिका आत गोधडीवर. डोळे अर्धे. ओठ कोरडे. मी म्हणाले माझ्या हातात देऊ नका — माझा हात खोटा — त्यांनी तिचं मनगट माझ्या बोटांत ठेवलं.

ऐंशी. कपाळ गार.

गाडीत घातलं. परभणीला. मुलांचे डॉक्टर तिथं आहेत.

११.२० — हे वहीत लिहितेय. केसपेपरला हात लावणार नाही. तिचं डोकं उमाजींच्या मांडीवर. ते म्हणतात अंग तव्यासारखं तापलंय. मला गार लागतंय. ओल्या फडक्यानं पुसते. सिस्टरांना फोन — लागत नाही.

११.३५ — मानवत मागं पडलं. मघाशी तिनं माझं बोट धरलंय. पाणी मागितलं. ओठ ओले केले. नाडी ८०.

११.४० — ट्रॅक्टर आडवे, उसाचे. व्यंकटराव हॉर्न वाजवतायत.

११.४५ — बोट सोडलं तिनं. झोपली असेल. छाती हलते का कळत नाही, गाडीच इतकी हलते — उमाजींना म्हणाले तुम्ही बघा, नाकापाशी हात धरा. बघत नाहीत. ते मुलीकडे बघतच नाहीत. माझ्या तोंडाकडे बघतायत.

त्यांनी विचारलं, नाडी हाय का.

मी हाय म्हणाले. त्यांनी डोळे मिटले, डोकं पत्र्याला टेकलं. महिन्याभरात पहिल्यांदा टेकल्यासारखं.

११.५२ — मुठी सैल. नखं — नखं निळी की ताडपत्रीचा उजेड — गाडीत ताडपत्री नाही.

ऐंशी.

व्यंकटरावांना थांबवून बघायला सांगू? थांबलो तर वेळ जाईल. असेल तर वेळ जाईल. नसेल तर —

११.५५ — ऐंशी. ऐंशी. स्वच्छ. भरलेली.

उमाजींनी डोळे उघडले. परत विचारतायत. बोटं तिच्या मनगटावर आहेत, मला ठोके लागतायत, आणि मी त्यांना सां